कडू पानांची सोबत

मित्रांनो, नाव-गाव सांगण्याआधीच एक गोष्ट कबूल करून टाकते. मी कडू आहे. चवीने कडू, आणि थोडीशी स्वभावानेही. पाण्याखाली राहणारी, जाड पानांची, दगडाला धरून जगणारी मी एक जुनी वनस्पती आहे. माझ्या पानाला माशाने तोंड लावलं, की तो ते लगेच थुंकून टाकतो. म्हणून तर मी जुनी होऊ शकले. माझ्याबरोबरच्या ज्या गोड होत्या, त्यांतली एकही जुनी झाली नाही.

तुम्हाला वाटेल, कोणी खात नाही म्हणजे केवढं सुख. लहानपणी मलाही तसंच वाटायचं.

माझा जन्म बीपासून झाला नाही. आमच्यात मोठ्या रोपाचं आडवं खोड पात्याने कापतात आणि त्या तुकड्याला नवं रोप म्हणतात. एका लांबलचक शेडमध्ये ओल्या फळ्यांवर आम्ही शेकड्याने होतो. रबरी हातमोजे घातलेल्या एका कामगारणीने मला आईपासून वेगळं केलं, स्पंजच्या तुकड्यात बसवलं आणि एवढ्याशा प्लॅस्टिकच्या टोपलीत ठेवलं. आई तिसऱ्या फळीवर राहिली, मी सातव्या फळीवर गेले. तिची पानं मला दिसायची, पण पाठमोरी. एक दिवस गाडी आली आणि आमची फळीच्या फळी उचलून नेली.

मग मी एका मासे विकणाऱ्याच्या दुकानात आले. तिथे झाडांसाठी वेगळी टाकी होती आणि माझी जागा अगदी मागच्या कोपऱ्यात. पुढे सगळ्या देखण्या. एक बारीक पानांची, पाण्यात सतत डुलणारी. एक हिरव्या फितींसारखी लांब. एक लालसर, जिच्यावरून गिऱ्हाइकांची नजर हटत नसे. त्या आठवड्याला बोटभर वाढायच्या. मला एक पान काढायला महिना लागतो, कधी जास्तच. गिऱ्हाईक माझ्याकडे बघून विचारायचं, "हे खरं आहे का प्लॅस्टिकचं?" दुकानदार हसायचा. माझ्या टोपलीवर लांबलचक नाव छापलेलं होतं. त्याला ते कधी म्हणता आलं नाही. तो मला 'कडू' म्हणायचा, आणि तेच नाव मला चिकटलं.

त्या दुकानात मी पहिल्यांदा बाईंना पाहिलं. गळ्यात मापाची टेप, दंडाला टाचण्यांची उशी, पदराला चिकटलेले दोऱ्यांचे तुकडे. शिवणकामाचं दुकान होतं त्यांचं, दोन गल्ल्या सोडून. हातातलं काम तसंच टाकून आल्यासारख्या त्या घाईत होत्या. त्यांनी ती बारीक पानांची जुडी घेतली आणि गेल्या. आठवड्याने पुन्हा आल्या आणि फितींसारखी नेली. पुढच्या आठवड्यात लाल. जाताना ती माझ्या अंगावरून गेली, तेव्हा मला तिचा हेवा वाटला. तो हेवा आठवला की आजही मला लाज वाटते.

चौथ्या खेपेला दुकानदाराने विचारलं, "ताई, एवढी झाडं जातात कुठे तुमच्याकडे? आणि मासे कोणते आहेत?"

"दोन गोल्डफिश आहेत. मोठे झालेत चांगले."

दुकानदाराने कपाळावर हात मारला. "अहो ताई, ते तर चरणारे मासे. कोवळं काही दिसलं की फडशा पाडणार. तुम्ही टाकीत बाग नाही लावत आहात, त्यांना ताट वाढताय."

"मग आधी का नाही सांगितलंत, भाऊ?"

"तुम्ही मासे सांगितले नाहीत, मी विचारले नाहीत," तो म्हणाला. माणूस सरळ होता.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मला असं झाड द्या जे खाल्लं जाणार नाही. दीड महिन्याने माझी लेक येणार आहे. तिला मी सांगून बसलेय की टाकीत जंगल झालंय."

"सांगितलंत तरी का असं?"

त्यावर त्यांनी नुसतंच टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. दुकानदाराने पुढे विचारलं नाही. तो मागच्या कोपऱ्यापाशी आला आणि त्याने मला बाहेर काढलं. "ही घ्या. दिसायला साधी आहे, वाढायला आळशी आहे, पण चवीला इतकी कडू की कोणी वाट्याला जात नाही. चरणाऱ्या माशांत टिकायचं तर झाड एक तर कडू पाहिजे, नाही तर चिवट. ही दोन्ही आहे. आता नीट ऐका, लावायची कशी ते."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. लेकीचा होता. बाईंचा चेहरा एकदम बदलला, आवाज चढला, त्यात हसू आलं. "अगं, काय सांगू तुला. इतकं हिरवं झालंय, मासेच दिसत नाहीत. हो, मी अगदी मजेत. इथेच बसलेय टाकीसमोर."

दुकानदार आपला सांगत होता, "हे जाड आडवं खोड दिसतंय ना, हे वाळूत पुरायचं नाही. कुजेल. उघडं राहिलं पाहिजे." बाई मान हलवत होत्या, पण ती मान फोनसाठी होती. मी सगळं ऐकलं. आमचं ऐकणं मात्र काही कामाचं नसतं.

बाईंचं दुकान म्हणजे एक खोली. एक मशीन, कापायचं लांब टेबल, बटणांचे डबे, भिंतीला खिळ्यांवर लटकणारे अर्धे कपडे, कोपऱ्यात कपडे घालून बघण्याचा पडदा. दाराजवळच्या स्टुलावर आमची टाकी होती. टाकीत वाळू, एक गोल दगड आणि दोन मासे. मोठा नारिंगी, त्याला लेकीने भोपळ्या नाव ठेवलं होतं. दुसरीची शेपूट फाटक्या कापडासारखी लोंबायची, ती चिंधी. दोघांनाही लेकीने अंगठ्याएवढे असताना आणलं होतं आणि आता ते तळहातात मावत नव्हते.

लेक दूरच्या शहरात नोकरीला गेली होती. हे मला बाईंच्या बोलण्यातूनच कळत गेलं. खरं तर ती जायलाच तयार नव्हती. आई एकटी पडेल म्हणून तिने आलेलं पत्र आठवडाभर कोणाला दाखवलंही नव्हतं. बाईंनीच तिला ढकलून पाठवलं. निघताना ती म्हणाली होती, "माशांशिवाय अजून काहीतरी जिवंत ठेव गं आई तुझ्याजवळ. एखादं हिरवं झाड ठेव. म्हणजे मला तिकडे बरं वाटेल." म्हणून ते जंगल. आई मजेत नाही असं लेकीला कळलं, तर ती सगळं टाकून परत येईल, या एका भीतीने बाईंनी ते पान पान करून वाढवलं होतं.

माझ्याबरोबर त्यांनी आणखी दोन कोवळी रोपं आणली होती, सोबतीला म्हणून. बाईंनी बाही कोपरापर्यंत वर केली आणि आम्हा तिघींना लावलं. मला त्यांनी विशेष जपून लावलं, म्हणजे खोल. अगदी पानांच्या मुळापर्यंत वाळू सारली आणि वरून दोन बोटांनी दाबली. "आता हलायचं नाही हं," असंही म्हणाल्या. इतक्या मायेने मला त्याआधी कोणी हात लावला नव्हता. आणि त्याच मायेने माझा श्वास कोंडला.

बाई मशीनवर बसतात न बसतात तोच भोपळ्या आला. पहिली सोबतीण त्याने दोन घासांत संपवली. दुसरीला चिंधीने टोकापासून सावकाश खाल्लं. ती बिचारी शेवटपर्यंत डुलत होती. मग भोपळ्याने माझं पान तोंडात घेतलं, चावलं, आणि तोंड वाकडं करून थुंकलं. चिंधीनेही चव घेऊन पाहिली. त्यानंतर दोघं माझ्यापासून चार हात लांब राहू लागले. त्या एवढ्याशा टाकीत चार हात कुठून आणायचे, पण त्यांनी आणले.

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात एकटा काळ. समोर जीव होते, पण ते माझ्याकडे पाठ करून फिरायचे. वाळूखाली माझं खोड कुजू लागलं होतं. एक पान पिवळं पडलं, मग दुसरं. शेजारचा इस्त्रीवाला कपडे द्यायला यायचा, तो म्हणायचा, "मावशी, हेपण चाललं वाटतं वरती." बाई कापता कापता थांबून माझ्याकडे बघत राहायच्या. लेक यायला तीन आठवडे उरले होते.

रोज दुपारी फोन यायचा. बाई फोन कधी टाकीकडे फिरवायच्या नाहीत. "काचेवर उजेड पडतो गं, काही दिसणार नाही." लेकीचाही चेहरा क्वचितच दिसायचा. ती म्हणायची, "नेट बरं नाहीये, आई. आवाज येतोय ना? मी मस्त आहे." असे त्या दोघींचे आवाज रोज भेटायचे आणि दोन्ही आवाज अगदी ठणठणीत असायचे.

एका सकाळी बाईंनी मला उपटलं. टाकूनच द्यायचं होतं त्यांना. पण हातात आल्यावर वास आला आणि त्यांनी मला नाकाशी नेलं. कापड सडलंय की नुसतं मळलंय हे बोटांनी ओळखणारी ती बाई. त्यांनी माझं खोड चिमटीत दाबून पाहिलं. खालचा भाग मऊ लागला, वरचा टणक. त्यांनी मला डब्यात घातलं आणि तडक मासेवाल्याकडे आल्या.

"पुरलीत ना?" तो बघताक्षणीच म्हणाला. "सांगितलं होतं. तुम्ही फोनवर होतात."

"होते," बाई म्हणाल्या. "आता काय करायचं ते सांगा. फोन बंद करून आलेय."

त्याने पात्याने कुजका भाग काढून टाकला. दोन पानं आणि बोटाच्या पेराएवढं खोड उरलं. "वाळूत नाही, दगडावर बसवा. दोऱ्याने बांधा. सुती दोरा घ्या, नायलॉनचा नको. सुती दोरा पाण्यात काही महिन्यांनी कुजून जातो, तोवर हिची मुळं दगड धरतात."

"दोऱ्याचं मला नका सांगू," बाई म्हणाल्या. त्या दिवसांत पहिल्यांदाच त्या हसल्या.

"आणि माशांना पोटभर घाला. वाटाणे उकडून, साल काढून. उपाशी असले की ते कशावरही दात चालवतात."

दुकानात येऊन बाईंनी टाकीतला गोल दगड काढला, पुसला, टेबलावर ठेवला. दोऱ्यांच्या रिळांतून गडद हिरवं रीळ निवडलं. माझ्या पानांशी रंग जुळतो का ते त्यांनी दोनदा उजेडात धरून पाहिलं. मग मला दगडावर ठेवून चार वेढे घेतले. बटण लावताना देतात ती गाठ दिली, आणि गाठीखाली बोटाचं टोक सरकवून पाहिलं, फार आवळली तर नाही ना. एका गिऱ्हाइकाने दारातून विचारलं, "ताई, माझा ब्लाऊज?" बाई म्हणाल्या, "थांबा जरा. आधी हिचं माप होऊ दे."

पुढच्या दोन आठवड्यांत मला काही पान आलं नाही. पण आहेत ती दोन गळलीही नाहीत. बाईंचा जीव टांगणीला लागला होता. लेकीला काय सांगायचं, हे त्या भोपळ्याला रोज विचारायच्या. आणि लेक यायच्या आदल्या दिवशी फोन आला, की सुट्टी मिळत नाही, पुढच्या महिन्यात येते.

पुढच्या महिन्यातही ती आली नाही. मग तिच्या येण्यासाठी सणासारखे ठरवलेले आणखी तीन दिवस तसेच गेले. "काम खूप आहे गं आई, पण मजा येते." बाई म्हणायच्या, "काही घाई नाही. मी छान आहे." फोन ठेवल्यावर त्या मशीनचं चाक हाताने उगाच फिरवत बसायच्या, सुईत दोरा नसताना.

त्या काळात माझी वाढ झाली. पहिलं नवं पान उलगडलं तेव्हा बाईंनी कापडावर आखायच्या खडूने टेबलाच्या कडेला एक रेघ मारली. मग प्रत्येक पानाला एक. खडूची रेघ कापडाने पुसली जाते, म्हणून त्या तिथे कापड ठेवू द्यायच्या नाहीत. महिन्याला एक रेघ, कधी दीड महिन्याने. दोरा कुजून गेला आणि मला तो गेल्याचं कळलंही नाही. मुळांनी दगड घट्ट धरला होता. चिंधी दुपारची माझ्या सगळ्यात मोठ्या पानाखाली येऊन थांबू लागली. माझ्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं, तिला सावली हवी होती. तरी ती आली की मला बरं वाटायचं.

मात्र शाळांचे गणवेश शिवायचा हंगाम आला की टाकीकडे काणाडोळा व्हायचा. पाणी गढूळ व्हायचं, माझ्या पानांवर शेवाळ चढायचं. बाईंना दोष देत नाही. त्या एकट्या आणि कपडे ढीगभर. कामाला बसल्या की दिवसभर त्यांच्याशी मापांशिवाय दुसरं काही कोणी बोलायचं नाही. छाती, कंबर, उंची. हंगाम संपला की त्या जुन्या दाढीच्या ब्रशने एकेक पान हळू घासून काढायच्या आणि म्हणायच्या, "चुकलंच माझं."

लेक आली तेव्हा टेबलावर बारा रेघा झाल्या होत्या.

ती सकाळी आली. बॅग दारातच टाकली, आईला मिठी मारली आणि सरळ टाकीपुढे बसली. मी तिला समोर पहिल्यांदाच पाहत होते. डोळ्यांखाली काळं, अंगावरचा शर्ट खांद्याला ढिला. बाईंच्या नजरेने तो ढिला खांदा लगेच टिपला, पण त्या काही बोलल्या नाहीत.

"आई, जंगल कुठाय?"

बाईंनी गळ्यातली टेप काढली आणि नीट गुंडाळायला घेतली. "खाल्लं त्यांनी."

"सगळं?"

"पाच वेळा."

लेक आधी हसली. हसता हसता तिने काचेला कपाळ टेकवलं आणि तिचं हसणं थांबलं. "मग मला का सांगत होतीस रोज?"

"तू परत आली असतीस."

भोपळ्या काचेपाशी येऊन तोंड उघडझाप करत राहिला. मग लेक म्हणाली, "यापुढे नाही हं असं. तू मला खरं सांगायचं, मी तुला." बाईंनी मान हलवली. दोघींनीही अगदी मनापासून कबूल केलं.

ती राहिली ते दहा दिवस या खोलीत गप्पा होत्या. लेक स्टुलावर बसून काज करायची, बाई मशीन चालवायच्या, इस्त्रीवाला उगाच दोन खेपा जास्त घालायचा. मी एवढे महिने ऐकत आले, पण इतकं बोलणं कधी ऐकलं नव्हतं. लेकीने टेबलावरच्या रेघा मोजल्या आणि विचारलं, या कसल्या. कळल्यावर ती म्हणाली, "हिच्यातला एक तुकडा मला दे ना. माझ्या खोलीत काहीच नाहीये."

ती निघायच्या सकाळी बाईंनी मला दगडासकट बाहेर काढलं. कात्री उकळत्या पाण्यात धरली, पुसली, आणि माझं खोड मधून कापलं. दुखलं का, असं विचाराल तर दुखलं नाही. फक्त तिसऱ्या फळीवरची आई आठवली. पाच पानांचा तुकडा त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळला आणि डब्यात ठेवला. झाकणाच्या आतल्या बाजूला हिरव्या दोऱ्याची गुंडाळी चिकटवली. "पोचलीस की लगेच बाहेर काढ. एखादा दगड शोध. पुरू नकोस हं." लेकीने डबा छातीशी धरला आणि ती गेली.

दुकान पुन्हा पूर्वीसारखं झालं. नाही, पूर्वीपेक्षा वाईट. आता या खोलीला गप्पांची सवय लागली होती.

फोन सुरू झाले. बाई रोज विचारायच्या, "झाड कसं आहे?" "मस्त आहे, आई. बरणीत ठेवलंय, खिडकीत." बाराव्या दिवशी लेक आनंदाने म्हणाली, "अगं, दोन नवी पानं आली त्याला."

मी दचकले. बारा दिवसांत दोन पानं? मित्रांनो, मी जन्मात तसं करू शकले नाही आणि माझा तुकडाही करणार नाही. त्यात तो नुकताच कापलेला. तो आवाज मी ओळखला. तो ठणठणीत, हसरा, वरच्या पट्टीतला आवाज. जंगलाबद्दल बोलताना बाईंचा हाच आवाज असायचा.

बाईंनी "अरे वा" म्हटलं आणि फोन ठेवला. मग त्या टेबलाच्या कडेशी गेल्या. रेघांवरून बोट फिरवत राहिल्या. बारा रेघा, तेरा महिने. त्या दिवशी त्यांनी एका सदऱ्याला डावी बाही उजवीकडे जोडली. उसवून पुन्हा जोडली, तर तीही उलटी.

चार दिवस त्यांनी काही विचारलं नाही. मला त्यांचा राग येत होता. विचारा की, असं मी काचेला पान लावून म्हणत होते. पण मला कळत होतं त्या का थांबल्या आहेत ते. विचारलं, की लेकीला खरं सांगावं लागेल, आणि मग त्यांनाही.

रविवारी दुपारी त्यांनी दार अर्धं लोटलं, स्टूल टाकीजवळ ओढलं आणि स्वतःहून फोन लावला. फोन माझ्या काचेजवळ, मलाही दिसेल असा तिरका टेकवून ठेवला.

"दोन पानं आली म्हणालीस ना. दाखव मला."

"आत्ता? इथे अंधार आहे गं."

"दिवा लाव."

बाई थांबल्या. मशीनवर टपटप करणारी त्यांची बोटं मांडीवर शांत पडली होती.

"आई," लेक म्हणाली, आणि हा आवाज मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. "ते डब्यातच आहे. फडक्यात. मी उघडलंच नाही."

"आल्यापासून?"

"हो. रोज ठरवते. कामावरून येते आणि तशीच पडते. इथे माझ्याशी कामाशिवाय कोणी बोलत नाही, आई. वर्षभर असंच आहे. सुट्टी मिळत होती, मीच घेत नव्हते. तू मला बघितलं असतंस तर तुला लगेच कळलं असतं. आणि आता डबा उघडायची भीती वाटते. मेलं असणार ते."

मित्रांनो, मला तेव्हा काय वाटलं ते सांगायलाच हवं. माझाच तुकडा सतरा दिवस अंधारात बंद होता, आणि इथे मला काही जाणवलं नव्हतं. एक पानही हललं नव्हतं. मी आपली चिंधीला सावली देत उभी होते.

बाईंनी डोळे पुसले नाहीत. त्या सरळ बसल्या. "कडू आहे ते. असं तसं मरत नाही. जा, डबा आण."

पावलांचा आवाज. झाकणाचा आवाज. बाईंनी टेप गळ्यातून काढून मुठीत आवळली होती.

"आई, एक पान पिवळं झालंय." थोडं थांबून ती म्हणाली, "बाकीची हिरवी आहेत."

"खोड दाबून बघ. मऊ लागतंय?"

"नाही. घट्ट आहे."

"मग बरणीत पाणी घे. दगड?"

"दगड नाहीये. थांब, खिडकीला अडकण म्हणून एक ठेवलाय."

"तोच धू. पिवळं पान काढून टाक. आता दोरा घे झाकणाचा. चार वेढे. गाठ कोणती?"

"बटणाची."

"फार आवळू नकोस. बोटाचं टोक गेलं पाहिजे खालून."

लेकीने कॅमेरा सुरू केला. फोनच्या चौकटीत मला एक अरुंद खोली दिसली, न आवरलेलं अंथरूण, एक खुर्ची, आणि बरणीत चार पानं. माझीच पानं. बाईंनी त्या खोलीकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनीही फोन उचलला आणि पहिल्यांदाच सगळीकडे फिरवला. बंद मशीन, अर्धं लोटलेलं दार, रिकामं दुसरं स्टूल.

"हे बघ माझं जंगल," त्या म्हणाल्या. "मलाही करमत नाही गं. एक दिवस करमलेलं नाही."

"मी परत येऊ का?"

बाईंना हो म्हणणं किती सोपं होतं, ते मला काचेच्या आतूनही कळत होतं. "ते लगेच ठरवायला नको," त्या म्हणाल्या. "पान यायला महिना लागतो. तोवर रोज बोलू. दिवा लावून बोलू. मग तुला यावंसं वाटलं, तर मी आहेच इथे."

या गोष्टीला आता दीड-दोन महिने झाले. भोपळ्या म्हातारा होत चालला आहे, चिंधी अजून माझ्याकडे पाठ करूनच झोपते. माझा एकटेपणा संपला असं मी म्हणणार नाही. कडू माणसांचा आणि कडू झाडांचा तो तसा संपत नाही. पण रोज संध्याकाळी फोन माझ्या काचेजवळ तसाच तिरका टेकतो आणि पलीकडच्या बरणीतली मी मला दिसते.

तुमच्याकडे मी फार काही मागत नाही, मित्रांनो. झाड घरी आणाल तेव्हा, ज्यांच्यात ते राहणार आहे ते कोण आहेत, ते आधी सांगा. ते कसं जगतं तेही विचारा. नुसत्या मायेने खोल पुरू नका. आणि तुमचं कोणी दूर असेल, आणि रोज अगदी ठणठणीत आवाजात सांगत असेल की सगळं छान आहे, तर एकदा म्हणा, दाखव. मग ते डबा उघडेपर्यंत फोन ठेवू नका.

काल बाईंनी पुन्हा खडू घेतला. माझ्या रेघांच्या खाली त्यांनी दुसरी ओळ सुरू केली आहे. त्या ओळीत सध्या एकच रेघ आहे. ती मारण्याआधी बाईंनी लेकीला बरणीतलं ते नवं पान तीन वेळा दाखवायला लावलं.